दातांच्या उपचारांची भीती आणि गुंगीचे पर्याय : पहिल्या भेटीपासून घरी परतेपर्यंत

नागपूरच्या सक्करदऱ्यातील माझ्या दवाखान्यात यायला सोळा पायऱ्या चढाव्या लागतात. निवृत्तीला आलेल्या एक शिक्षिका त्या पायऱ्यांच्या मध्यावरून तीन वेळा परत गेल्या होत्या, हे खालच्या औषधाच्या दुकानदाराने मला नंतर सांगितले. चौथ्या वेळी त्या वर आल्या त्या उजवा गाल सुजल्यावरच. खुर्चीत बसताच त्यांनी पदराचे टोक तर्जनीभोवती इतके घट्ट गुंडाळले की बोटाचे पेर पांढरे पडले, आणि मी काही विचारण्यापूर्वीच त्या म्हणाल्या, "डॉक्टर, मले दुखण्याचं काही नाही, त्या मशीनच्या आवाजाचं भेव लागते." हे एक वाक्य त्यांनी आधी कुणाला सांगितले असते, तर एका साध्या फिलिंगवर निभावली असती ती दाढ काढण्याची पाळी त्यांच्यावर आली नसती.

अशी माणसे नागपुरात प्रत्येक दंतवैद्याच्या यादीत असतात. त्यांना गुंगी देऊन उपचार करता येतात, आणि योग्य ठिकाणी, योग्य माणसाच्या हातून ते सुरक्षितही असते. मात्र "डॉक्टर, मला झोपवूनच टाका" एवढ्या एका मागणीवर हा निर्णय होऊ शकत नाही. गुंगीचे अनेक स्तर आहेत आणि प्रत्येकाची तयारी, खर्च व धोका वेगळा आहे. ज्या सर्वांत हलक्या पायरीवर काम होईल, तिथेच थांबणे रुग्णाच्या हिताचे असते. त्यासाठी काय करावे, ते येथे क्रमाने मांडत आहे.

भीती नेमकी कशाची, हे आधी ठरवा

दवाखान्यात फोन करण्यापूर्वी घरी शांतपणे बसून स्वतःला पाच प्रश्न विचारा. उद्या दातांच्या उपचारासाठी जायचे असेल तर मला किती धास्ती वाटते? बाहेर बाकावर नंबराची वाट पाहताना किती वाटते? मशीनने दात कोरला जाणार असेल तर? दातांची फक्त सफाई होणार असेल तर? आणि हिरडीत सुन्न करण्याचे इंजेक्शन दिले जाणार असेल तर? प्रत्येक उत्तराला एक ते पाच गुण द्यायचे. एक म्हणजे अजिबात धास्ती नाही आणि पाच म्हणजे सोसवणार नाही इतकी. जगभर वापरली जाणारी ही सुधारित प्रश्नावली १९९५ सालची आहे. तिची बेरीज ५ ते २५ यांच्या दरम्यान येते आणि १९ किंवा त्याहून अधिक गुण आले, तर ती तीव्र भीती समजली जाते. तो कागद घेऊनच या. तोंडाने सांगताना माणसे लाजतात आणि "थोडीशी भीती आहे" म्हणून वेळ मारून नेतात. कागदावरचा आकडा मात्र स्पष्ट बोलतो.

बेरजेहून महत्त्वाचे हे की सर्वांत जास्त गुण कोणत्या प्रश्नाला पडले. सुईची भीती, आवाजाची भीती, घशात काही उतरून जीव गुदमरेल ही भीती, आडवे पडून तोंड उघडे ठेवल्यावर येणारी असहायता आणि पूर्वीच्या वाईट अनुभवाची आठवण या पाच वेगवेगळ्या गोष्टी आहेत आणि त्यांचे उपायही वेगळे आहेत.

शेवटच्या प्रकाराविषयी थोडे विस्ताराने लिहितो, कारण माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक घाबरलेल्या रुग्णांची कथा तिथेच सुरू होते. "इंजेक्शन देऊनही मला सगळे समजत होते" असे ते सांगतात आणि ते खरे असते. दाताच्या मुळाशी पू झाला की तिथल्या ऊतींमधील आम्लता वाढते आणि अशा आम्ल जागी लिग्नोकेनसारखे सुन्न करणारे औषध मज्जातंतूच्या आत पुरेसे शिरत नाही. खालच्या दाढांच्या बाबतीत तर इंजेक्शन जबड्याच्या आतल्या बाजूने जाणाऱ्या मुख्य नसेजवळ द्यावे लागते. ते थोडे जरी बाजूला पडले, तरी ओठ अर्धवटच बधिर होतो. अशा वेळी थांबून पुन्हा सुन्न करणे, वेगळ्या ठिकाणी इंजेक्शन देणे किंवा आधी पू काढून काही दिवसांनी मूळ काम करणे हा योग्य मार्ग असतो. व्यवसायाच्या पहिल्या काही वर्षांत मीही घाईघाईने "काही होत नाही, हलू नका" असे म्हणत असे. त्या शब्दांनी मी किती जणांना कायमचे दूर लोटले असेल, याची खंत मला आजही वाटते. तुमची भीती या प्रकारची असेल, तर तुम्हाला गुंगीपेक्षा अधिक चांगल्या सुन्न करण्याची गरज आहे. "खालचा ओठ हनुवटीपर्यंत पूर्ण बधिर झाल्याशिवाय सुरुवात करू नका" असे डॉक्टरांना निःसंकोच सांगा.

येथे एक मोठा गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. गुंगी म्हणजे वेदनाशमन नव्हे. गुंगीच्या औषधाने मन शांत होते, वेळेचे भान कमी होते आणि काही औषधांनी आठवणही पुसट होते, पण दाताची नस सुन्न करण्यासाठी हिरडीतले इंजेक्शन तरीही द्यावेच लागते. फरक इतकाच की गुंगीत असताना ते इंजेक्शन फारसे जाणवत नाही किंवा जाणवले तरी त्याचे काही वाटत नाही.

औषधाविना किती साध्य होते, ते आधी पाहा

पहिली भेट केवळ बोलण्याची आणि तपासणीची ठेवा, आणि तसे फोनवरच ठरवून घ्या. त्या दिवशी कोणतेही यंत्र तोंडात जाणार नाही, हे कळल्यावर अर्धी माणसे सुटकेचा श्वास सोडतात. डाव्या हाताची खूण ठरवून घ्या : हात वर झाला की डॉक्टरांनी हातातले काम तत्क्षणी थांबवायचे. ही खूण खरोखर पाळली जाते का, हे पहिल्या पाच मिनिटांत एकदा हात वर करून पाहायला हरकत नाही. सुईपूर्वी हिरडीला सुन्न करणारे जेल लावून दोन मिनिटे थांबणे, औषध अगदी सावकाश सोडणे, आवाजाची भीती असेल तर कानात आवडीची भजने किंवा गाणी लावणे आणि सकाळची पहिली वेळ घेणे, म्हणजे दिवसभर मनात घोळवत बसावे लागत नाही, हे सगळे फुकट मिळणारे उपाय आहेत. ज्या शिक्षिकेविषयी मी वर लिहिले, त्यांची सूज उतरल्यावर पुढची दोन फिलिंग कानात इयरफोन घालून, केवळ सुन्न करूनच झाली. गुंगी लागली ती फक्त दाढ काढताना.

केवळ सुन्न करूनच काम होणार असेल, तर उपाशी पोटी येऊ नका. आपल्याकडे चतुर्थीचा किंवा एकादशीचा उपवास धरून माणसे दाढ काढायला येतात, भीतीने आधीच अंगाला घाम सुटलेला असतो आणि सुई दिसताच चक्कर येते. मग सगळे घर म्हणते की इंजेक्शन सोसले नाही. वास्तविक ती चक्कर रिकाम्या पोटाची आणि भीतीची असते.

प्रकृतीची माहिती लपवू नका

गुंगीचा विचार पक्का झाला, की डॉक्टरांना तुमच्या दातांइतकीच तुमच्या श्वासाची चिंता असते. गुंगीच्या बहुतेक औषधांचा खरा धोका श्वास मंदावण्यात आणि जीभ मागे पडून श्वासमार्ग अडण्यात असतो. म्हणून पुढील गोष्टी कुणी विचारल्या नाहीत तरी स्वतःहून सांगाव्यात.

पहिली आणि आपल्या भागात सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे खर्रा. पानठेल्यावर पन्नीत घोटून दिला जाणारा सुपारी, तंबाखू आणि चुन्याचा हा खर्रा वर्षानुवर्षे गालात धरला की गालाची आतली त्वचा पांढरट, ताठर होते आणि तोंड हळूहळू कमी उघडू लागते. सावजी रस्साच काय, साधे तिखटही झोंबू लागणे ही त्याची सुरुवातीची खूण आहे. घरी आरशासमोर उभे राहून स्वतःची तीन बोटे उभी धरून समोरच्या दातांमध्ये जातात का, ते पाहा. दोनच जात असतील, तर ही बाब गुंगीपूर्वी सांगितलीच पाहिजे. श्वास अडला तर भूलतज्ज्ञाला तोंडातून श्वासनलिकेत नळी घालावी लागते आणि जे तोंड उघडतच नाही, तिथे ते अतिशय अवघड होते. अशा रुग्णाला छोट्या दवाखान्यात खोल गुंगी देणे मला स्वतःला कधीच मान्य झालेले नाही; त्यासाठी सर्व सोयी असलेले रुग्णालयच हवे. शिवाय ही कर्करोगापूर्वीची अवस्था ठरू शकते, म्हणून तिची तपासणी वेगळीही व्हायला हवी.

दुसरी गोष्ट सिकलसेलची. विदर्भातील अनेक कुटुंबांत रक्ताचा हा आनुवंशिक आजार आहे, आणि बऱ्याच जणांना आपण एएस पॅटर्नचे म्हणजे वाहक आहोत की एसएस पॅटर्नचे म्हणजे रुग्ण आहोत, हे ठाऊक नसते. एसएस रुग्णाच्या रक्तातला प्राणवायू कमी झाला, शरीरातले पाणी घटले किंवा अंग गार पडले, तर तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होऊन सूक्ष्म रक्तवाहिन्यांत अडकतात आणि असह्य वेदनांचा झटका येऊ शकतो. गुंगी आणि दीर्घ उपवास या दोहोंत नेमका हाच धोका असतो. घरात कुणाला हा आजार असेल, तर आधी साधी रक्ततपासणी करून घ्या, कार्ड सोबत आणा आणि मे महिन्याच्या ४५ अंशांच्या उन्हात दुपारची वेळ कधीही घेऊ नका.

घोरणे ही चेष्टेची बाब समजू नका. झोपेत मध्येच श्वास थांबतो, दचकून जाग येते आणि दिवसा पेंग येते असे घरची माणसे सांगत असतील, तर गुंगीत तोच प्रकार अधिक तीव्र होतो. याखेरीज दमा, हृदयविकार, यकृत वा मूत्रपिंडाचा आजार, फिट्स, थायरॉइड, गर्भारपण, पूर्वीच्या भुलीच्या वेळी झालेला त्रास, औषधांची अॅलर्जी आणि नियमित मद्यपान यांची माहिती द्या. रोज दारू घेणाऱ्यांना ठरावीक मात्रा कमी पडू शकते आणि त्याच दिवशी दारू घेतलेली असेल, तर तीच मात्रा जीवघेणी ठरू शकते. चालू असलेल्या सर्व गोळ्यांची पाकिटे पिशवीत घालून आणा. नावे आठवून सांगण्याच्या भानगडीत पडू नका. झोपेची गोळी, नैराश्यावरचे औषध, रक्त पातळ करणारी गोळी, मधुमेहासाठी किंवा वजन कमी करण्यासाठी आठवड्यातून एकदा घेतले जाणारे इंजेक्शन यांचा आवर्जून उल्लेख करा, कारण अशा इंजेक्शनाने पोट उशिरा रिकामे होते. रक्त पातळ करणारी गोळी मात्र स्वतःच्या मनाने बंद करू नका.

चार पायऱ्या आणि त्यांतली निवड

पहिली पायरी हास्यवायूची. नायट्रस ऑक्साइड या वायूचा आणि दंतवैद्यकाचा संबंध जुना आहे. ११ डिसेंबर १८४४ रोजी अमेरिकेतील हार्टफर्ड येथे होरेस वेल्स या दंतवैद्याने हा वायू हुंगून स्वतःचीच दाढ काढवून घेतली होती. आज तो प्राणवायूत मिसळून नाकावरच्या छोट्या मास्कमधून दिला जातो. प्रथम काही मिनिटे शुद्ध प्राणवायू, मग वायूचे प्रमाण हळूहळू वाढवत साधारण ३० ते ५० टक्क्यांपर्यंत नेले जाते. दंतोपचारासाठी बनवलेल्या यंत्रात मिश्रणातला प्राणवायू ३० टक्क्यांखाली जाऊ न देणारी व्यवस्था असते. दोन-चार मिनिटांत बोटांच्या टोकांना मुंग्या येतात, अंग उबदार व जड वाटते आणि आवाज लांबून आल्यासारखा वाटतो. आमच्या शिक्षिकाबाईंच्या पदराची गुंडाळी याच क्षणी सुटली; बोट आपोआप सैल पडले आणि त्या डोळे उघडे ठेवूनच शांत झाल्या. रुग्ण जागा असतो, प्रश्नांना उत्तरे देतो, स्वतःचा श्वास स्वतः घेतो. काम संपल्यावर किमान पाच मिनिटे शुद्ध प्राणवायू देणे आवश्यक असते आणि ते कुणी घाईत टाळू नये. थोड्या वेळात डोके पूर्ववत होते. माझ्या मते मध्यम भीती असलेल्या बहुतेक प्रौढांसाठी आणि समजूतदार मुलांसाठी हीच पायरी पुरेशी आहे.

तिच्या मर्यादाही आहेत. सर्दीने नाक चोंदलेले असेल तर वायू आत जात नाही, म्हणून वेळ पुढे ढकलावी. गर्भारपणाचे पहिले तीन महिने, फुफ्फुसाचा गंभीर जुनाट विकार, नुकतीच झालेली कानाची किंवा डोळ्याच्या पडद्याची शस्त्रक्रिया यांत हा वायू टाळतात. आणखी एक बाब शाकाहारी वाचकांनी लक्षात ठेवावी : हा वायू शरीरातील ब१२ जीवनसत्त्व निकामी करतो. एखाद्या वेळच्या वापराने निरोगी माणसाला काही होत नाही, पण ज्यांचे ब१२ फारच कमी आहे, ज्यांच्या हातापायांना मुंग्या येतात, त्यांनी आधी ते तपासून भरून काढावे.

दुसरी पायरी गोळीची. डायझेपाम, अल्प्राझोलाम, लोराझेपाम किंवा मिडाझोलाम या गटातले औषध उपचाराच्या आधी, आणि भीती फार असेल तर आदल्या रात्रीही, दिले जाते. सुई नको असणाऱ्यांना ही पायरी सोपी वाटते, पण तिच्यात एक मूलभूत अडचण आहे : पोटातून औषध किती आणि कधी रक्तात उतरेल, हे नेमके सांगता येत नाही. अर्ध्या तासात काही जाणवले नाही म्हणून दुसरी गोळी घेतली, की दोन्हींचा जोर एकाच वेळी चढतो. एक गृहस्थ शेजाऱ्याकडची झोपेची गोळी घरूनच घेऊन आले होते आणि आम्हाला त्याची कल्पनाच नव्हती. पायऱ्या चढताना त्यांचा तोल गेला तेव्हा ते उघड झाले. सुदैवाने कठड्याने त्यांना सावरले, आणि त्या दिवशी मी त्यांच्या दाताला हात न लावता मुलाला बोलावून त्यांना घरी पाठवले. अल्प्राझोलाम, डायझेपाम आणि मिडाझोलाम ही औषधे शेड्यूल एच-१ या सरकारी यादीत येतात. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ती विकता येत नाहीत आणि दुकानदाराला त्यांची नोंद वेगळ्या वहीत ठेवावी लागते. डायझेपामचा अंमल तर दुसऱ्या दिवशीही रेंगाळतो. साठीच्या पुढच्या माणसांना कमी मात्रा लागते आणि पडण्याचा धोकाही त्यांनाच अधिक असतो.

तिसरी पायरी शिरेतून दिल्या जाणाऱ्या गुंगीची. हाताच्या पाठीवर किंवा कोपराजवळ बारीक सुई बसवून बहुधा मिडाझोलाम थोडे थोडे सोडले जाते, रुग्णाच्या डोळ्यांकडे आणि बोलण्याकडे पाहत पाहत. औषधाचा अंमल काही मिनिटांतच दिसत असल्यामुळे, ज्याला जेवढे लागते तेवढेच देता येते, आणि गोळीपेक्षा ही पद्धत अधिक हुकमी ठरते ती यामुळेच. रुग्ण हाकेला उत्तर देतो, पण नंतर त्याला मधले फारसे आठवत नाही. अवघड अक्कलदाढा, बराच वेळ चालणारे काम किंवा तीव्र भीती यांसाठी ही पायरी उपयोगी आहे. मिडाझोलामवर फ्लुमाझेनिल हा उतारा उपलब्ध आहे, मात्र उताऱ्याचा अंमल मूळ औषधाच्या आधी ओसरतो आणि गुंगी पुन्हा चढू शकते, म्हणून उतारा दिलेल्या रुग्णाला लगेच घरी सोडता येत नाही. प्रोपोफोलसारखे औषध वापरायचे असेल, तर गुंगी कधी खोल होईल याचा भरवसा नसतो, म्हणून तिथे भूलतज्ज्ञच हवा. दात काढणाऱ्यानेच गुंगी सांभाळायची, ही काटकसर मला अजिबात पटत नाही. एका माणसाचे डोळे दातावर असताना दुसऱ्या प्रशिक्षित माणसाचे डोळे सतत श्वासावर असले पाहिजेत.

चौथी पायरी पूर्ण भुलीची, म्हणजे ऑपरेशन थिएटरमध्ये, श्वासनलिकेत नळी घालून, अनेकदा नाकावाटे, भूलतज्ज्ञाच्या देखरेखीखाली. तोंडभर किडलेले दात असलेली तीन-चार वर्षांची मुले, बौद्धिक अक्षमता किंवा तीव्र स्वमग्नता असलेल्या व्यक्ती आणि ज्यांच्यावर आधीच्या तिन्ही पायऱ्या निष्फळ ठरल्या आहेत असे प्रौढ यांच्यासाठी ती खऱ्या अर्थाने वरदान आहे, कारण एकाच बैठकीत सगळे काम उरकते. त्यापूर्वी भूलतज्ज्ञ तपासणी करतात आणि गरजेनुसार रक्ततपासण्या, ईसीजी सांगतात. खर्च अर्थातच वाढतो. शहरात १९६८ साली सुरू झालेले शासकीय दंत महाविद्यालय व रुग्णालय मेडिकलच्या, म्हणजे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय व रुग्णालयाच्या, परिसरात आहे, हिंगणा रस्त्याकडे खासगी दंत महाविद्यालये आहेत आणि मिहानमध्ये एम्स आहे. अशा मोठ्या संस्थांत किंवा धंतोली-रामदासपेठेतील रुग्णालयांत कोणती पायरी, कोणत्या वयासाठी, कोणत्या दिवशी उपलब्ध आहे, हे समक्ष जाऊन विचारून घ्यावे. काटोल, उमरेड, रामटेककडून येणाऱ्यांनी त्याच फेरीत तपासण्याही उरकाव्यात.

होकार देण्यापूर्वी विचारायचे प्रश्न

गुंगी कोण देणार आणि त्या व्यक्तीचे प्रशिक्षण कोणते? माझ्या श्वासावर लक्ष ठेवण्याखेरीज तिच्याकडे त्या वेळी दुसरे काही काम असेल का? बोटाला लावायचे ऑक्सिमीटर, रक्तदाबाचे यंत्र आणि शिरेतल्या गुंगीसाठी श्वासातला कार्बन डायऑक्साइड दाखवणारे यंत्र आहे का? शेवटचे यंत्र यासाठी महत्त्वाचे की प्राणवायू चालू असताना श्वास थांबला, तरी ऑक्सिमीटरचा आकडा खाली यायला वेळ लागतो. ते यंत्र मात्र तत्काळ सूचना देते. प्राणवायूचा भरलेला सिलिंडर, तोंडातली लाळ-रक्त ओढणारी सक्शन, श्वास देण्याची पिशवी आणि उताऱ्याची औषधे खोलीतच आहेत का? वीज गेली तर काय? गरज पडल्यास कोणत्या रुग्णालयात हलवणार? एकूण खर्च किती आणि भूलतज्ज्ञाचे मानधन त्यात धरले आहे का? हे प्रश्न विचारल्यावर जो डॉक्टर रागावतो, त्याच्याकडे गुंगी घेऊ नये, असे मी माझ्या नातेवाइकांनाही सांगतो. संमतिपत्र मराठीत मागा आणि गुंगी चढण्यापूर्वी, शक्यतो आदल्या दिवशी, वाचून सही करा.

उपचाराचा दिवस

शिरेतली गुंगी किंवा पूर्ण भूल असेल, तर पोट रिकामे हवे, कारण गुंगीत उलटी झाली तर ती फुफ्फुसात जाऊ शकते. सामान्य नियम असा की हलक्या जेवणानंतर सहा तास आणि तळलेल्या, तेलकट जेवणानंतर आठ तास जाऊ द्यावेत. साधे पाणी दोन तास आधीपर्यंत चालते. नागपूरकरांची चूक इथे ठरलेली असते. सकाळचे तर्रीपोहे खाऊन "फक्त नाश्ता केला" असे सांगितले जाते, पण त्या तर्रीतले तेल पोटात आठ तास मोजायचे असते. तसेच दुधाचा चहा पाण्यात मोडत नाही. त्यालाही सहा तास लागतात. तोंडात धरलेला खर्रा किंवा पान हेही त्या दिवशी पूर्ण बंद. चुकून काही खाल्ले असेल तर ते सांगा. वेळ पुढे ढकलली जाईल, एवढेच. केवळ हास्यवायू द्यायचा असेल तर इतका कडक उपवास बहुधा लागत नाही, दोन-तीन तास आधी हलके खाणे पुरते, पण तुमच्या डॉक्टरांची सूचना अंतिम समजा.

रक्तदाबाची गोळी सकाळी घोटभर पाण्यासोबत घ्यायची की नाही आणि मधुमेहाची गोळी वा इन्सुलिन किती कमी करायचे, हे आदल्या दिवशी लेखी घ्या. उपवास ठेवून नेहमीचे इन्सुलिन घेणे धोकादायक आहे. उन्हाळ्यात मुभा आहे तोवर पाणी प्या. शरीर कोरडे पडले की शीर सापडत नाही आणि सुईला घाबरणाऱ्या माणसाला तीनदा टोचावे लागते. बाह्या सैल असाव्यात, नखांना गडद रंग किंवा मेंदी नको, कारण ऑक्सिमीटर चुकीचे आकडे दाखवू शकते. आणि सोबत एक जबाबदार प्रौढ व्यक्ती हवीच, जी संपूर्ण वेळ थांबेल. "सोडून जातो, झाले की फोन करा" हे चालत नाही.

मुलांबाबत एवढेच : घरी "त्रास दिलास तर डॉक्टर सुई टोचतील" अशी भीती घालू नका आणि "काहीच दुखणार नाही" असे खोटेही बोलू नका. दवाखान्यात आम्ही आधी सांगतो, मग बोटाच्या नखावर यंत्र फिरवून दाखवतो आणि नंतरच तोंडात नेतो. ज्या मुलाला ही पद्धत पुरते, त्याला औषध देऊ नये. ज्याला द्यावे लागते, त्याचे वजन त्याच दिवशी, त्याच काट्यावर केले जाते आहे ना, ते पाहा, कारण मुलांची मात्रा वजनावर ठरते आणि त्यांचा श्वास मोठ्यांपेक्षा लवकर अडचणीत येतो. गुंगीचे सरबत घरून पाजून आणू नका. ते दवाखान्यात, देखरेखीखालीच द्यायचे असते. परतताना गाडीच्या मागच्या सीटवर मूल झोपले, तर त्याची मान पुढे वाकू नये म्हणून शेजारी एक मोठे माणूस बसावे. एकट्याने गाडी चालवत मुलाला घरी आणू नये.

घरी परतल्यावर

गोळीची वा शिरेतली गुंगी घेतली असेल, तर पुढचे २४ तास गाडी चालवू नका, स्वयंपाकाच्या गॅसपाशी एकटे जाऊ नका, बँकेच्या किंवा मालमत्तेच्या कागदांवर सही करू नका, तान्ह्या बाळाची जबाबदारी एकट्याने घेऊ नका आणि दारूला स्पर्श करू नका. माणूस बाहेरून अगदी ठीक दिसतो आणि ठीक असल्याचा दावाही करतो, पण त्याचा निर्णय अजून विश्वासाचा नसतो. ओठ बधिर असेपर्यंत, म्हणजे साधारण दोन-तीन तास, गरम चहा-जेवण टाळा; मुले बधिर ओठ चावून मोठी जखम करून घेतात, त्यांच्यावर लक्ष ठेवा. पहिले खाणे मऊ आणि कोमट असावे, वरणभात किंवा दहीभात चालेल.

हाक मारून हलवले तरी रुग्ण उठत नसेल, श्वास संथ किंवा घरघरणारा झाला असेल, ओठ निळसर दिसत असतील, तर दवाखान्याला फोन करत बसू नका. त्याला कुशीवर वळवा, हनुवटी किंचित वर उचला आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा. वारंवार उलट्या, दाबूनही न थांबणारे रक्त किंवा ताप असेल तर डॉक्टरांना कळवा. गुंगी घेतली असो वा नसो, जबड्याखाली वाढती सूज, गिळताना अडचण आणि घोगरा आवाज ही लक्षणे एकत्र दिसली, तर रात्र काढू नका. तो संसर्ग श्वासमार्ग दाबू शकतो, तेव्हा थेट मेडिकलसारखे मोठे रुग्णालय गाठा.

एक काम बहुतेक जण विसरतात. कोणते औषध, किती मात्रेत, वायू किती टक्के आणि त्या दिवशी तुम्हाला कसे वाटले, याची नोंद डॉक्टरांकडून लिहून घ्या. आमच्या शिक्षिकाबाईंच्या फायलीत पहिल्या पानावर "४० टक्के वायू, उजव्या कानात इयरफोन, हात वर केला की थांबणे" असे लिहिलेले आहे. गेल्या वेळी त्या सफाईसाठी आल्या तेव्हा त्यातला फक्त इयरफोन लागला.